आकिनो द ब्रागांझा : गोव्यातून निघालेला, मोझांबिकचा झालेला



आपल्या या शहरात 'मुक्ती' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला. मधल्या तेरा महिन्यांत आपल्या आधीच्या पिढीनं काय भोगलं, हे इथं बसलेल्या अनेकांनी घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे. निजामाच्या हद्दीतून निसटून सोलापूर, मनमाड अशा सरहद्दीपलीकडच्या गावांतून ज्यांनी लढा चालवला, ते एका अर्थानं निर्वासितच होते. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक पुण्याहून काढलं, कारण ते इथून काढणं शक्यच नव्हतं. बंदी आली की नाव बदलायचं आणि पुन्हा अंक काढायचा. म्हणजे राज्याबाहेर बसून राज्याविषयी लिहिणारा पत्रकार, ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

पण आपल्याकडच्या त्या निर्वासितांची कथा एका ठिकाणी संपते. भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, निजाम शरण आला आणि माणसं घरी परतली. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्यांचंही घर असंच मोकळं झालं. तिथंही भारतीय फौजाच गेल्या. पण हे गृहस्थ परतले नाहीत. ते पुढं निघून गेले, दुसऱ्याच एका देशाच्या स्वातंत्र्यासाठी राबले, आणि त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाबरोबर विमान अपघातात मरण पावले.

त्यांचं नाव आकिनो द ब्रागांझा. जन्म १९२४, गोव्यातला बार्देश तालुका. मृत्यू १९ ऑक्टोबर १९८६, दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीतल्या म्बुझिनी इथल्या डोंगरावर. पत्रकार, अध्यापक, मुत्सद्दी. मोझांबिकमध्ये त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. गोव्यात काही जणांना माहीत आहे. महाराष्ट्रात जवळजवळ कुणालाच नाही.

आता आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. इतिहासकाराप्रमाणे दप्तरं चाळण्याचं शिक्षण आम्हाला नाही. पण एक प्रश्न आम्हाला या माणसाकडे ओढत राहिला. माणसाची निष्ठा कशाशी असते? जन्माच्या जागेशी, की ज्या अन्यायानं त्याला जागं केलं त्या अन्यायाविरुद्धच्या कामाशी? वर्गात हा प्रश्न पुस्तकातून शिकवता येतो. आकिनोंच्या आयुष्यात तो प्रत्यक्ष उभा राहिला.

गोव्याच्या मुक्तिलढ्याची आपल्याकडे जी गोष्ट सांगितली जाते, ती बहुतेक या बाजूनं सांगितली जाते. आपली माणसं गेली. १९५५ साली नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधु लिमये यांनी सत्याग्रह केले, तुरुंग भोगले. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ही गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. तिचा शेवट आपण १९ डिसेंबर १९६१ ला करतो, पणजीत तिरंगा चढतो तिथं.

पण सांगलीचे मोहन रानडे आठवा. गोवा मुक्त झाला तेव्हा रानडे पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळच्या तुरुंगात होते. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर सात वर्षं पोर्तुगालनं त्यांना आत ठेवलं. याचा अर्थ एवढाच, की १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्तेचा एक तुकडा निखळला. सत्ता तशीच होती. तीच राजवट, तेच गुप्त पोलीस, तेच कायदे. आफ्रिकेत अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ इथली माणसं अजून त्याच चरकात होती. आकिनोंचं आयुष्य समजून घ्यायचं, तर गोव्याकडे या बाजूनंही पाहावं लागतं, साम्राज्याच्या आतून.

आतून पाहिलं की एक अवघड गोष्ट दिसते. पोर्तुगीज साम्राज्यात गोमंतकीय माणूस नुसता गुलाम नव्हता. शिकलेला, पोर्तुगीज बोलणारा गोमंतकीय हा मोझांबिकमध्ये सरकारी कचेरीत कारकून असे, कस्टममध्ये असे, बँकेत असे. वर गोरा, खाली काळा, आणि मध्ये हा. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या 'अराष्ट्रीयीकरणा'वर जी पुस्तिका लिहिली, तिचा रोख याच दुखण्यावर होता. राज्य करणाऱ्यानं माणसाला त्याच्याच मातीविषयी संकोच वाटायला लावला. कुन्हा हेही पत्रकार. पॅरिसमध्ये शिकले. १९४६ मध्ये लष्करी न्यायालयानं त्यांना शिक्षा दिली, पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. तिथून सुटल्यावर लिस्बनहून निसटून ते मुंबईत आले, तिथून 'फ्री गोवा' हे पत्र चालवलं, आणि १९५८ मध्ये मुंबईतच वारले. गोवा मुक्त झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही.

आकिनो हे कुन्हांच्या पुढच्या पिढीचे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ते मोझांबिकला गेले. नोकरी शोधायला गोमंतकीय तरुण तिकडे जात, तसेच. तिथं त्यांनी जे पाहिलं, त्यानं त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. त्या काळी मोझांबिकमध्ये कायद्यानंच माणसांचे दोन वर्ग होते. एक 'सुधारलेले' आणि दुसरे 'देशी'. देशी म्हणजे ज्याची जमीन, ज्याचा देश, तो! त्याच्या वाट्याला सक्तीची मजुरी. तिथं तिला 'शिबालो' म्हणत. त्याच्याच शेतात सक्तीनं कापूस लावायचा आणि ठरवून दिलेल्या भावानं विकायचा. हा कायदा रद्द व्हायला १९६१ साल उजाडावं लागलं. गोमंतकीय मात्र या रेषेच्या वरच्या बाजूला.

इथं दोन वाटा फुटतात. बहुतेकांनी धरली ती साधी वाट होती. मान खाली घालून कचेरीत बसायचं, पैसे घरी पाठवायचे, मुलांना शिकवायचं. आम्ही त्यांना दोष देणार नाही. पोटासाठी माणूस हे करतो, आपल्याकडेही निजामाच्या कचेऱ्यांत मराठी माणसं होतीच. आकिनोंना मात्र ते जमलं नाही. ते मोझांबिक सोडून पोर्तुगालला आणि तिथून फ्रान्सला गेले. भौतिकशास्त्र शिकले.

पन्नाशीच्या दशकातलं पॅरिस म्हणजे वसाहतींतून आलेल्या तरुणांचा अड्डाच होता. अंगोलाचे मारियो द आंद्राद, मोझांबिकचे मार्सेलिनो दोस सांतोस ही मंडळी तिथं होती. हे लोक एकमेकांना लिस्बनमध्ये किंवा पॅरिसमध्ये भेटले, आपापल्या देशांत नाही. साम्राज्यानं त्यांना एक भाषा दिली, पोर्तुगीज, आणि त्याच भाषेत ते साम्राज्याविरुद्ध बोलू लागले. आता, गोव्याचा माणूस आफ्रिकेच्या माणसांत कसा, असा प्रश्न आपल्याला पडतो. त्यांना तो पडला नसावा. सगळ्यांच्या मानेवर जू एकच होतं.

तिथून आकिनो मोरोक्कोला गेले. मोरोक्को १९५६ मध्ये स्वतंत्र झाला होता आणि इतरांच्या लढ्यांना आसरा देत होता. तिथं ते शिकवत होते, आणि मोरोक्कोचे मोठे विरोधी नेते मेहदी बेन बार्का यांच्या निकट आले. एप्रिल १९६१ मध्ये कॅसाब्लांकामध्ये पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटनांची एक संयुक्त परिषद स्थापन झाली. अंगोला, गिनी आणि केप व्हर्दे, मोझांबिक, साओ तोमे आणि त्यांच्याबरोबर गोव्यातल्या संघटना. आंद्राद अध्यक्ष, दोस सांतोस सरचिटणीस. या कामात आकिनो गोमंतकीय म्हणून उतरले.

ही १९६१ ची परिषद आपल्या इतिहासात जवळजवळ नाहीच. पण तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोलात उठाव झाला होता आणि पोर्तुगालनं तो अतिशय क्रूरपणे दडपला. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर एक परिसंवाद झाला. आफ्रिकेतले नेते त्यासाठी आले. त्यांचं नेहरूंना सांगणं असं की, तुम्ही गोव्यात हात आखडता घेताय, पण गोवा गेला तर पोर्तुगालचं साम्राज्य अजिंक्य नाही हे आमच्या लोकांना दिसेल. केवळ या परिसंवादामुळे गोव्याची कारवाई झाली, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. कारणं पुष्कळ होती. पण चौदा वर्षं वाटाघाटींचं दार ठोठावून थकलेल्या दिल्लीला आफ्रिकेकडून आलेला हा आवाज ऐकू गेला. दोन महिन्यांत फौजा गोव्यात गेल्या. सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी भारताविरुद्ध ठराव आणला, सोव्हिएत रशियानं तो नकाराधिकार वापरून पाडला.

आणि साम्राज्यानं सूड कुणावर काढला? मोझांबिकमधल्या भारतीयांवर. तिथले भारतीय नागरिक, त्यांत बरेच गुजराती व्यापारी होते, त्यांना छावण्यांत डांबलं, त्यांची मालमत्ता गोठवली आणि पुढं देश सोडायला लावलं. पणजीत पेढे वाटले जात होते, तेव्हा हिंदी महासागराच्या पलीकडे त्याची किंमत कुणी तरी चुकवत होतं.

तर आता आकिनोंपुढचा प्रश्न. वय सदतीस. गोवा मोकळा झाला. निर्वासिताला जे हवं असतं, ते मिळालं. परतायचं?

इथं जगातली दुसरी एक गोष्ट शेजारी ठेवून पाहू. १९५५ साली इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या देशांची ती प्रसिद्ध परिषद भरली. नेहरू होते, सुकार्नो होते, चाऊ एन लाय होते. दहा वर्षांनी त्याच इंडोनेशियात उलथापालथ झाली. १९६५ च्या अखेरीपासून प्रचंड कत्तली झाल्या, सत्ता सुहार्तो यांच्याकडे गेली, आणि त्या वेळी परदेशात असलेले इंडोनेशियाचे कित्येक राजदूत, पत्रकार, विद्यार्थी एका रात्रीत बिनदेशाचे झाले. पासपोर्ट रद्द. कालपर्यंत जो देशाच्या वतीनं बोलत होता, त्याला आज देशाचं दार बंद. यांतले अनेक जण पेकिंग, मॉस्को, हवाना, पॅरिस, आम्सटरडॅम अशा शहरांत म्हातारे झाले.

त्यांचा देश स्वतंत्र होता आणि दार बंद होतं. आकिनोंच्या बाबतीत दार उघडलं होतं. तरी ते आत गेले नाहीत. निर्वासितपणाचे हे दोन प्रकार आहेत आणि आपण ते वेगळे केले पाहिजेत. पहिला लादलेला असतो. दुसरा माणूस स्वतः चालू ठेवतो, कारण त्याच्या लेखी काम संपलेलं नसतं. आकिनोंचा शत्रू पणजीतला गव्हर्नर नव्हता. त्यांनी मोझांबिकमध्ये जो कायदा पाहिला होता, तो कायदा त्यांचा शत्रू होता. गोवा सुटला, पण ज्या माणसांना पाहून ते मोझांबिकमधून निघाले होते, ती माणसं सुटली नव्हती. मग परतून काय करायचं?

१९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला आणि आकिनो अल्जीयर्सला गेले. तिथं त्यांनी 'रेव्होल्युसिओं आफ्रिकेन' या साप्ताहिकात काम केलं, पुढं पॅरिसहून निघणाऱ्या 'आफ्रिक-आझी'साठी लिहिलं. अल्जीयर्स त्या काळी मुक्तिलढ्यांची राजधानीच होती. दक्षिण आफ्रिका, पॅलेस्टाईन, व्हिएतनाम, सगळ्यांची कार्यालयं. तिथं बसून बातमीदारी करायची म्हणजे नुसतं लिहायचं नसतं. कोण कुणाशी बोलतो, कोण फुटणार आहे, कुणाच्या मागं कोण आहे, हे हेरावं लागतं, आणि त्यातलं पुष्कळसं छापता येत नाही. पत्रकार आणि मुत्सद्दी यांच्यातली भिंत अशा ठिकाणी फार पातळ होते.

याची खरी परीक्षा १९७४ मध्ये झाली, आणि त्यावर जरा थांबलं पाहिजे.

मोझांबिकची मुक्तिसंघटना फ्रेलिमो. १९६२ मध्ये दार-ए-सलामला स्थापन झाली, १९६४ मध्ये सशस्त्र लढा सुरू केला. पहिले नेते एदुआर्दो मोंडलाने फेब्रुवारी १९६९ मध्ये पार्सलमधून आलेल्या बॉम्बनं मारले गेले. त्यांच्यानंतर सामोरा मशेल. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड करून हुकूमशाही उलथवली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली, ते चित्र आपण पाहिलेलं असतं. पण मशेल यांच्यापुढं प्रश्न फुलांचा नव्हता. नवे राष्ट्राध्यक्ष झाले जनरल स्पिनोला. त्यांच्या मनात वसाहतींना पूर्ण स्वातंत्र्य द्यायचं नव्हतं. सगळ्यांचा मिळून एक संघ करायचा, लोकमत घ्यायचं, वेळ काढायचा, असा त्यांचा विचार होता. तेव्हा लिस्बनमध्ये खरी सत्ता कुणाच्या हाती आहे? जनरलच्या, की त्याला वर बसवणाऱ्या कॅप्टन-मेजरांच्या? बोलणी करायची तर कुणाशी? युद्धबंदी करायची की लढत राहायचं?

हे शोधायला मशेल यांनी आकिनोंना लिस्बनला पाठवलं. पत्रकार म्हणून ते कुणालाही भेटू शकत होते. पोर्तुगीज ही त्यांची शिक्षणाची भाषा. ते मेलो अंतुनेश यांच्यासारख्या लष्करी चळवळीच्या वैचारिक नेत्यांना भेटले. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की, सत्ता जनरलकडे नाही, ती त्या तरुण अधिकाऱ्यांच्या चळवळीकडे आहे, आणि या अधिकाऱ्यांना आता लढायचं नाही.

या अधिकाऱ्यांना लढायचं का नव्हतं, यातही गोवा आहे, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारनं गोव्यातल्या आपल्या फौजेला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी तो मानला नाही, शरणागती पत्करली, माणसं वाचवली. लिस्बननं त्यांना सैन्यातून काढून टाकलं. ही आठवण पोर्तुगीज लष्करात जिवंत होती. आफ्रिकेतलं युद्ध जिंकता येणार नाही, आणि हरल्यावर दोष मात्र राजकारणी लष्करावरच टाकतील, गोव्यात टाकला तसा! १९७४ च्या बंडामागं जी कारणं होती, त्यांत हे एक होतं. म्हणजे पाहा, बार्देशचा एक माणूस मोझांबिकच्या वतीनं लिस्बनमध्ये ज्यांच्यासमोर बसला होता, त्यांच्या मनात गोव्याचा धडा ताजा होता.

पुढं काय झालं ते थोडक्यात. जूनमध्ये झांबियाची राजधानी लुसाका इथं पहिली बोलणी झाली. पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरेश यांनी मशेलना मिठी मारली, पण नुसत्या युद्धबंदीवर मशेल तयार झाले नाहीत. आधी स्वातंत्र्याचा हक्क मान्य करा, मग बंदुका थांबतील. जुलैअखेर पोर्तुगालनं कायदा करून तो हक्क मान्य केला. ७ सप्टेंबर १९७४ ला लुसाका करार झाला. २५ जून १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाला. आणि याच १९७४ च्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालनं करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आपण १९६१ ला जे मिटलं असं समजतो, ते कागदोपत्री मिटलं तेरा वर्षांनी, आफ्रिकेतल्या लढ्यांनी लिस्बनची राजवट खिळखिळी केल्यावर. गोव्यानं आफ्रिकेला धीर दिला होता, आणि आफ्रिकेनं गोव्याचा हिशेब पुरा करायला हातभार लावला.

यावर आकिनोंनी पुढं एक निबंध लिहिला. त्याच्या मथळ्याचा आशय असा, 'वसाहतमुक्तीविना स्वातंत्र्य'. वरवर ऐकलं की तक्रार वाटते, स्वातंत्र्य आलं पण मनं गुलामच राहिली, अशी. तसं आपण भाषणांतून नेहमी म्हणतोच. पण त्यांचा रोख वेगळा होता. राज्यकर्ते ज्याला 'वसाहतमुक्ती' म्हणतात, ती असते एक ठरवून केलेली प्रक्रिया. अटी घालायच्या, हप्त्याहप्त्यानं द्यायचं, आपल्या सोयीची माणसं मागं ठेवायची, गुंतवणूक सांभाळायची. फ्रेलिमोनं ही प्रक्रियाच नाकारली आणि सरळ स्वातंत्र्य घेतलं. तेव्हा स्वातंत्र्य मिळालं, पण राज्यकर्त्यांच्या व्याख्येतली वसाहतमुक्ती झाली नाही. शब्द कुणाचा आहे हे आधी पाहा, असं तो निबंध सांगतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे वाचून आनंद होतो, कारण आमचा सगळा धंदाच तो आहे.

स्वतंत्र मोझांबिकमध्ये आकिनो मशेल यांचे निकटचे सल्लागार होते. पण ते मंत्री झाले नाहीत. ते विद्यापीठात गेले. १९७६ मध्ये मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठात आफ्रिकन अभ्यास केंद्र सुरू झालं, त्याचे ते संचालक. दक्षिण आफ्रिकेतल्या लढवय्या पत्रकार आणि अभ्यासक रूथ फर्स्ट संशोधनाचं काम पाहायला त्यांच्याकडे आल्या.

या केंद्रानं पहिल्या काही वर्षांत जो अभ्यास केला, तो आपल्या मराठवाड्यानं समजून घ्यावा असा आहे. दक्षिण मोझांबिकमधले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत कामाला जात. १९७५ मध्ये असे एक लाखाहून अधिक कामगार होते. बायका घरी शेती करत, पुरुष खाणीत. पोर्तुगीज सरकार या मजुरांच्या वेतनाचा काही भाग सोन्याच्या रूपात वसूल करत असे. म्हणजे वसाहतीचं सरकार स्वतःच मजूर पुरवणारा मुकादम! स्वातंत्र्य आलं आणि दक्षिण आफ्रिकेनं मोझांबिकची भरती झपाट्यानं कमी केली. आता नव्या सरकारनं काय करावं? खाणी वाईट म्हणून माणसं परत बोलवावीत, तर घरी त्यांना काय द्यायचं? केंद्राच्या अभ्यासकांनी खेड्यांत जाऊन माणसांना विचारलं. त्यातून दिसलं की हा माणूस धड शेतकरी नाही आणि धड कामगारही नाही. खाणीतल्या पैशांतून तो बैल घेतो, नांगर घेतो, आणि त्या शेतीला पुरं पडत नाही म्हणून पुन्हा खाणीत जातो.

आपल्या बीड-जालन्याच्या ऊसतोड कामगाराकडे पाहा. उचल घ्यायची, सहा महिने कारखान्यावर जायचं, परत यायचं, कोरडवाहू तुकडा कसायचा, पुन्हा उचल. त्याला शेतकरी म्हणायचं की मजूर? आपलं सरकारही त्याला कधी एका खात्यात टाकतं, कधी दुसऱ्या, आणि बऱ्याचदा दोन्हींच्या मध्ये तो राहून जातो. स्वातंत्र्य झेंडा बदलून येतं, ही मजुरीची वाट मात्र झेंड्यानं बदलत नाही. आकिनोंच्या केंद्रानं आपल्याच सरकारला हे सांगितलं, आणि हे सरकार त्यांच्या मित्रांचं होतं.

या कामाची किंमत मोठी होती. आकिनोंच्या आयुष्याची यादी अशा नावांनी भरलेली आहे. बेन बार्का, ऑक्टोबर १९६५, पॅरिसमधून पळवून नेले, पुन्हा दिसले नाहीत. मोंडलाने, १९६९. गिनी-बिसाऊचे अमिल्कार काब्राल, जानेवारी १९७३, कोनाक्रीमध्ये गोळ्या घालून. आणि १७ ऑगस्ट १९८२ ला मापुतोच्या केंद्रात रूथ फर्स्ट यांनी टपालानं आलेलं एक पाकीट उघडलं. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी पाठवलेला तो बॉम्ब होता. रूथ जागीच गेल्या. त्या खोलीत आकिनोही होते. ते जखमी झाले, वाचले. आणि पुन्हा त्याच कामाला लागले.

त्यानंतरची वर्षं मोझांबिकची फार वाईट होती. दक्षिण आफ्रिकेच्या पाठबळावर रेनामोचं बंड देश पोखरत होतं. मार्च १९८४ मध्ये मशेलना वर्णद्वेषी सरकारशी न्कोमातीचा करार करावा लागला. दुसरीकडे फ्रेलिमोही बदलला होता. एकच पक्ष, एकच मत, विरोधकांसाठी 'पुनर्शिक्षण' छावण्या. खेडूतांना सामूहिक वस्त्यांत हलवणं. मुक्तीसाठी लढलेली संघटना स्वतःच्या इतिहासाची एकमेव लेखक बनली होती.

अशा वेळी आकिनोंनी इतिहासकार जाक देपेल्शँ यांच्याबरोबर एक लेख लिहिला. फ्रेलिमोला आदर्श मानणं सोडा आणि मोझांबिकचा इतिहास समजून घ्या, असं त्या लेखाचं म्हणणं. विजेत्या संघटनेचे स्वतःचे ठराव आणि भाषणं यांवरून तिचा इतिहास लिहिला, तर आजच्या चुका समजणारच नाहीत, कारण त्या इतिहासात चुका नसतातच. लक्षात घ्या, हे बाहेरचा टीकाकार म्हणत नव्हता. ज्यानं लिस्बनला जाऊन या संघटनेसाठी वाट मोकळी केली, जो राष्ट्राध्यक्षाचा मित्र होता, तो म्हणत होता. आणि म्हणून तो ना शत्रू ठरला, ना भाट. ही जागा फार अरुंद असते. आपल्याकडेही मुक्तिलढ्यातल्या किती जणांना ती जमली, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

१९ ऑक्टोबर १९८६. झांबियातल्या म्बाला इथली बैठक आटोपून मशेल यांचं रशियन बनावटीचं टुपोलेव्ह विमान रात्री मापुतोकडे येत होतं. ते भलत्याच दिशेला वळलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनीच्या डोंगरावर आदळलं. मशेल गेले, आकिनो गेले, बहुतेक सगळे गेले. दक्षिण आफ्रिकेनं नेमलेल्या चौकशी आयोगानं वैमानिकांना दोषी ठरवलं. खोट्या रेडिओ संकेतानं विमान भरकटवलं, असा सोव्हिएत तज्ज्ञांचा आक्षेप. वर्णद्वेष संपल्यावर नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगालाही अंतिम निर्णय देता आला नाही. जानेवारी १९९९ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या हस्ते तिथं एका स्मारकाचं उद्घाटन झालं. उंच पोलादी नळ्या आहेत, पस्तीस, मेलेल्या प्रत्येकासाठी एक. वारा आला की त्यांतून आवाज निघतो. त्यांतली एक नळी बार्देशच्या माणसाची आहे.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाकडे परत येऊ. निष्ठा जागेशी की कामाशी? आम्हाला असं वाटतं की आकिनोंनी या दोहोंत निवड केलीच नाही. ते गोव्याला विसरले असं म्हणता येत नाही. गोमंतकीय माणूस साम्राज्याच्या कचेरीत मधल्या खुर्चीवर बसला होता, ते देणं त्यांनी आपल्या परीनं फेडलं. ज्या मोझांबिकनं त्यांना रेषेच्या वरच्या बाजूला उभं केलं होतं, तिथं ते रेषाच पुसायला गेले. याला जन्मभूमीचा त्याग म्हणता येणार नाही. जन्मभूमीकडून जे ऋण अंगावर आलं होतं, ते त्यांनी स्वतःचं मानलं, एवढंच.

आपण मुक्तिदिन साजरे करतो, सतरा सप्टेंबरला इथं आणि एकोणीस डिसेंबरला तिकडे गोव्यात. झेंडा चढतो, भाषणं होतात, आणि आपल्याला वाटतं की आपली मुक्ती आपलीच. तिच्यात अंगोलाच्या, मोझांबिकच्या कुणाचा तरी हात होता आणि आपल्यातला कुणी तरी त्यांच्यासाठी मेला, हे त्या दिवशी कुणी सांगत नाही. पुढच्या एकोणीस डिसेंबरला गोव्यात असाल, तर बार्देशच्या या माणसाचं नाव कुणाला तरी सांगा. आणि ते सांगताना एवढंही सांगा की, मित्रांचं राज्य आल्यावरही तो माणूस खरं बोलत राहिला.